वाचून दाखवायचा कागद

आमली, सिल्वासा
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. नलिनीमावशीस,
कावेरीचा सा. न. वि. वि.

पाकिटात नेहमीसारखे दोन कागद आहेत. पांढरा ओट्यावर वाचून दाखवायचा. बाजाराच्या दिवशी आमचे आप्पा गावाहून आले की काकांच्या चहाबरोबर वाच, आणि ‘मी लॅबमध्ये आहे’ हे वाक्य आलं की जरा मोठ्याने वाच, आप्पांना कमी ऐकू येतं. हा रेघांचा कागद तुझ्या एकटीचा. वाचून झाला की चुलीत टाक. फोनवर बोलले असते, पण काका फोन स्पीकरवर टाकतात आणि माझी खुशाली अख्ख्या गल्लीला कळते.

मावशी, मी पार अडकलेय गं. आमच्या कंपनीत खरोखरच्या लॅबमध्ये जागा निघाल्यात. केमिस्ट्रीची बी.एस्सी. हवी. म्हणजे मीच हवी! पॅकिंगच्या टेबलावरून लॅबची काच दिसते. आत तिघं पांढऱ्या कोटात धाग्याची ताकद तपासतात, रंग कसा बसतो ते बघतात. मी इकडे निळ्या दिव्याखाली धाग्याचे कोन, ती मोठी रिळं, फिरवत डाग शोधते आणि अधूनमधून त्या काचेकडे बघते. वर्ष उलटून गेलं, त्या दाराची कडी कशी उघडते तेही मला माहीत नाही.

पॅकिंगमधल्या सोनीने सांगितलं, हिंमत कर, अर्ज टाक. कंपनीच्या साइटवर टाकला. आधारचा नंबर घातल्याबरोबर तिथे आलं की ही बाई आमच्याकडे ठेकेदारामार्फत कामाला आहे, शिक्षण बारावी, अर्ज बाद. आता ती बारावी कोणी लावली हे तुला सांगायला नको. मसाटला कारखान्याच्या गेटवर महिनाभर डिग्री घेऊन उभी राहिले तेव्हा ठेकेदाराचा माणूस बारकूदादा रोज एकच सांगायचा, ग्रॅज्युएट नको, ते टिकत नाहीत आणि कायदा शिकवतात. तेव्हा तूच लिहिलं होतंस, डिग्री ट्रंकेच्या तळाशी ठेव, आधी पोटाला लाग.

खरं सांगून टाकावं असं रोज वाटतं. पण इथली रीत तुला ठाऊक आहे, नवीन मुलगी जुनीच्या ओळखीवरच घेतात. सोनीने मला चुलतबहीण म्हणून उभं केलं, ‘हिची ओळख माझी’ म्हणून शब्द दिला. माझं खोटं निघालं तर माझ्याबरोबर तीही गेटबाहेर. तिच्या पैशांवर घरी चार तोंडं आहेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काय करू ते लिही.

काकांना नमस्कार, तुझ्या वैशालीला एक धपाटा. तुझी आठवण रोज येते, तूही काढत जा.

तुझी
कावेरी


।। श्री ।।
साक्री
२७ जानेवारी २०२५

चि. कावेरीस,
मावशीचे अ. उ. आ.

तुझे दोन्ही कागद पोचले. पांढरा वाचला. तुझे काका ‘वा’ म्हणाले, आप्पा उठून तोंड धुवून आले, म्हणजे समजून घे. रेघांचा चुलीत घातला, त्यावर ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा घाटा शिजला. तुझ्या रडण्याने यंदा बिबड्या खारट झाल्या तर गिऱ्हाइकाला मी काय सांगू?

पोरी, आधी जेवत जा. अक्षर बारीक झालंय तुझं. फोनवर तू बरी आहेस म्हणालीस तर मी ऐकून घेईन, पण अक्षराला खोटं बोलता येत नाही.

आता ऐक. डिग्री लपव म्हणून मीच सांगितलं, ते नाकारत नाही. तेव्हा दुसरा रस्ता होता का? बारा ठिकाणी बायोडाटा टाकलेस, एकाने तरी उत्तर दिलं? अनुभव हवा म्हणतात आणि अनुभव घ्यायला कोणी उभं करत नाही. पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरू नको म्हणणारे शहाणे! मग आपण उतरलो. आता घाईने ओरडू नकोस. तुमच्या त्या भरती बघणाऱ्या शैलजा मॅडम चिपळूणच्या ना? आपल्या भाषेची बाई आहे, तिच्याशी गोडीने ओळख वाढव, वेळ बघून कानावर घाल. सोनीला मध्ये येऊ देऊ नकोस.

आणि एक बातमी, बस खाली. तुझी कंपनी आपल्या कॉलेजात येतेय! केदार सरांनी फलकावर लावलंय, बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसाठी. वैशाली नाचतेय. म्हणते, ताई लॅबमध्ये आहे, मीही लॅबमध्ये जाणार, दोघी एका खोलीत राहू. तिला खरं ठाऊक नाही, आणि तिचं तोंड बघून माझ्याने सांगवलं नाही. मी मेली एका हाताने तुझं झाकते, दुसऱ्या हाताने तिचं. काय विचारतात ते लिहून पाठव. इंग्रजीत स्वतःबद्दल बोल म्हटलं की ती नावाच्या पुढे जातच नाही.

सोबत भाकरीसाठी कळण्याचं पीठ आणि लसणाची चटणी पाठवतेय. सोनीला अर्धी दे, सगळी दाबू नकोस. जिवाला जप, बाकी मी आहेच.

तुझी मावशी
नलिनी


आमली, सिल्वासा
६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मावशीस,
कावेरीचा सा. न. वि. वि.

पीठ पोचलं. सोनीने पहिल्याच दिवशी अर्धी चटणी संपवली, वाटणीचा प्रश्न मिटला.

मावशी, तुझा सल्ला मी ऐकला आणि हात दाखवून अवलक्षण झालं. जेवणाच्या सुट्टीत शैलजा मॅडम पॅकिंगमध्ये आल्या होत्या. मी गोडीने बोलले, गाव विचारलं, आपलं सांगितलं. साक्री ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, आम्ही तिकडेच कॉलेजात चाललोय, तिकडची बोली बोलणारी एक मुलगी हवीच होती. बॅनर धरायचा, पाण्याच्या बाटल्या द्यायच्या, मुलींची भीती घालवायची. मी तब्येतीचं कारण काढलं. त्या हसल्या आणि बारकूदादाला म्हणाल्या, हिचं नाव लिही. बारकूदादाने सोनीकडे बघितलं. सोनीने मान खाली घातली. मग मी हो म्हटलं.

म्हणजे १४ तारखेला मी माझ्याच कॉलेजात बॅनर धरून उभी असणार. बारावी पास हेल्पर म्हणून! ज्या हॉलमध्ये मला पहिलेपणाची ढाल दिली, त्याच हॉलमध्ये. 

तुझ्याशिवाय कोणाला सांगू? आता वैशालीला सगळं सांगावंच लागेल. तिला म्हणावं, मला ओळख दाखवायची नाही. माझ्याकडे बघायचंही नाही. केदार सर त्या दिवशी विद्यापीठात जाणार आहेत का ते विचार. मी कारखान्यातला धुळीचा मास्क लावून येईन, केस वर बांधीन. आणि तू येऊ नकोस, मावशी. तू आलीस तर माझ्याने राहवणार नाही.

वैशालीला काय विचारतात ते मात्र मला कळलंय. घरापासून दूर राहशील का, रात्रपाळी करशील का, लग्न ठरलंय का. केमिस्ट्रीचं काही विचारत नाहीत. मला ते चमत्कारिक वाटलं, पण असेल त्यांची पद्धत.

देवापाशी माझ्यासाठी दोन शब्द बोल. माया आहे तशीच ठेव.

तुझी
कावेरी


।। श्री ।।
साक्री
१७ फेब्रुवारी २०२५

चि. कावेरीस,
मावशीचे अ. उ. आ.

तुला फोन केला तर तू ‘बरं आहे, नंतर बोलू’ एवढंच म्हणतेस. म्हणून मीच लिहिते, कारण वैशालीने सांगितलेलं तुझ्या बाजूने कसं होतं ते मला ठाऊक नाही.

ती पोर पहिल्या रांगेत बसली होती म्हणे. तू बॅनरची काठी धरून उभी, तोंडाला मास्क, डोळे जमिनीला. तू बाटली द्यायला आलीस तेव्हा तिने तुझ्याकडे न बघता बाटली घेतली आणि तुझ्या हाताला हात लागला. घरी आल्यावर तेवढं सांगून ती इतकी रडली की शेजारीण विचारायला आली. मी सांगितलं, दात दुखतोय.

केदार सरांची भीती तू घेतलीस, आणि गाठलं कोणी? तानूबाईने! प्रयोगशाळा झाडणाऱ्या बाईला मास्क लागत नाही गं, तिने तुला चालीवरून ओळखलं. झाडू टाकून धावत आली आणि सगळ्यांसमोर तुझ्या गळ्यात पडली. माय वं, मनी कावेरी, कॉलेजात पहिली आलेली मनी कावेरी, असं अहिराणीत ओरडली म्हणे, तू जणू तिचीच पोर. मग केदार सर उठले आणि तुला मंचावर नेलं. हीच आमची बी.एस्सी.ला पहिली आलेली विद्यार्थिनी, म्हणून सांगितलं. वैशाली म्हणते, तुझ्या हातात बॅनरची काठी तशीच होती.

तुमच्या शैलजा मॅडमनी क्षणभर तुझ्याकडे पाहिलं आणि लगेच माइक हातात घेतला. आमची ही कर्मचारी तुमच्याच कॉलेजची, हे मुद्दाम गुपित ठेवलं होतं, म्हणाल्या! टाळ्याच टाळ्या. तुझा फोटो काढला. त्यानंतर नाव द्यायला पोरींची रांग लागली. वैशालीसकट बावीस मुली घेतल्या म्हणे. तुझ्या काकांनी पेढे वाटले. आप्पांना मी सांगितलं, तुमच्या पोरीला मंचावर बोलावलं. त्यांनी पेढा खिशात ठेवला, घरी तुझ्या आईला द्यायला.

बघ, मी म्हणत नव्हते? मॅडम चांगली बाई निघाली. सगळ्यांसमोर तुझी लाज राखली. आता तुला लॅबमध्ये घेतलं असेल ना? सोनीचं काही झालं नाही ना? गाडीत काय बोलल्या ते लिही. माझा जीव टांगणीला लागलाय.

पत्राची वाट बघते. माझा आशीर्वाद पाठीशी आहेच.

तुझी मावशी
नलिनी


आमली, सिल्वासा
२३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मावशीस,
कावेरीचा सा. न. वि. वि.

हा कागद वाचून लगेच चुलीत घालू नकोस. आधी वैशालीला दाखव.

गाडीत मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या सीटवरून मागे न बघता त्यांनी शांतपणे विचारलं, कधीपासून आहेस, किती खाडे केलेस, रात्रपाळी केलीस का, कंटाळलीस का. मी वेड्यासारखी खरी खरी उत्तरं देत गेले. वाटलं, माझी परीक्षा चाललीय, पास झाले तर लॅब. एकही खाडा नाही हे तर मी अभिमानाने सांगितलं गं!

मग त्या म्हणाल्या, आजवर सगळे सांगायचे की ग्रॅज्युएट मुली पॅकिंगला टिकत नाहीत. तू टिकलीस. का टिकलीस? मी म्हटलं, लॅबच्या आशेने. त्यावर त्या म्हणाल्या, अगदी बरोबर.

आता मला सगळं कळलंय. लॅबच्या जागा दोनच आहेत, त्या मुंबईच्या दोन मुलांनी आधीच भरल्या. आपल्या बावीस मुलींना नाव आहे ‘पदवीधर प्रशिक्षणार्थी’ आणि काम आहे माझ्या शेजारच्या निळ्या दिव्याखाली. दोन वर्षं. त्यानंतर लॅबचा विचार करू, असं तोंडी. बारावीच्या मुली सहा महिन्यांत निघून जातात, ग्रॅज्युएट मुली आशेवर थांबतील. हे त्यांना कोणी शिकवलं? मी. मी चांगलं काम केलं, हाच माझा गुन्हा झाला बघ.

मला काढलं नाही. माझी डिग्री नोंदवली, टेबल तेच ठेवलं. वर मंचावरचा फोटो मोठा करून गेटवर लावलाय. मार्चमध्ये आणखी दोन कॉलेजांत मला बोलायला नेणार आहेत. मी नको म्हटलं तेव्हा मॅडमनी सोनीचं नाव काढलं, इतकंच की सोनी कशी आहे म्हणून विचारलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो.

आणि सर्वांत वाईट. मुलींनी कागद भरले तेव्हा तिथेही बारकूदादाचीच रीत होती, ओळख कोणाची? समोर मी उभी होते. बावीसच्या बावीस जणींनी माझं नाव घातलं. आता एक जरी पळाली तरी जाब मला, आणि मी गेले तर त्या बिनओळखीच्या. सोनीचा शब्द माझ्यावर, माझा त्यांच्यावर.

मावशी, पाया पडते, वैशालीला पाठवू नकोस. बी.एड. करू दे, तुझ्याबरोबर बिबड्या वाळवू दे, काहीही करू दे. इथे यायला दार आहे, परत जायचं दार मला तरी अजून सापडलेलं नाही.

रागावू नकोस, माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी
कावेरी


।। श्री ।।
साक्री
२० एप्रिल २०२५

चि. कावेरीस,
मावशीचे अ. उ. आ.

दोन महिने झाले, तुझा पांढरा कागद येतो आणि रेघांचा येत नाही. मी पाकीट उलटं करून झटकून बघते. रागावलीस ना? रागाव, पण लिही.

उत्तर द्यायला मला तोंड नव्हतं. तुझा कागद मी वैशालीला त्याच रात्री दाखवला. तिने दोनदा वाचला आणि माझ्याकडे परत दिला. म्हणाली, दोन जागा भरल्या तरी कधीतरी तिसरी निघेलच ना, मग ती ताईची आणि चौथी माझी. मी समजावलं, ओरडले, एक दिवस अबोला धरला. ती म्हणाली, इथे राहून कोणत्या दारात उभी राहू? बी.एड. झालेल्या शेजारच्या दोघी तीन वर्षं घरात बसल्यात, हे मलाही दिसतं.  तूच सांग, काय बोलायला हवं होतं?

त्यात तुझ्या काकांनी सगळीकडे सांगून ठेवलंय. वाण्याकडे, देवळात, एस.टी. स्टँडवर. पोरगी लॅबमध्ये लागली. आता नाही पाठवली तर काय सांगायचं, आणि खरं सांगायचं तर तुझंही उघडं पडेल. आप्पांचा तो खिशातला पेढा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी एक गाठ सोडायला जाते आणि दुसरी आवळली जाते.

तेव्हा ती येतेय. परीक्षा संपली की ४ मेला, इतर पोरींबरोबर गाडीने. तिला तुझ्याच खोलीत घे. तिला सकाळी उठवायला लागतं, उपाशीपोटी चहा दिलास तर डोकं दुखतं. घरी सगळ्यांना लॅबच सांगितलंय, पत्रात तेच येऊ दे. ती पहिल्यांदा लिहायला बसेल तेव्हा तिला दोन कागदांचं शिकव. पांढरा ओट्यावर वाचीन. पण रेघांचा तिने मला लिहायलाच हवा, हे तिला माझी शपथ घालून सांग. तुझ्या वेळी मला वाटलं होतं, दुसरा कागद आहे तोवर पोर माझ्या हातात आहे.

कावेरी, मी तुला जो सल्ला दिला तोच आज माझ्या पोटच्या पोरीला देतेय. दुसरा सुचत नाही गं. अडाणी नाही मी, तरी सुचत नाही.

तिला सांभाळ. तिच्याआधी स्वतःला सांभाळ.

तुझी मावशी
नलिनी


आमली, सिल्वासा
११ मे २०२५

ती. सौ. मावशीस,
कावेरीचा सा. न. वि. वि.

वैशाली सुखरूप पोचली. मी तुझ्यावर रागावले नव्हते. रेघांच्या कागदावर लिहायला काही उरलं नव्हतं, म्हणून पाठवला नाही.

गेटवर माझा फोटो बघून सगळ्या पोरी हसल्या, हात लावून आल्या. पहिल्याच दिवशी लॅबच्या काचेपाशी वैशाली थांबली. मी तिचा हात धरून तिला टेबलापाशी आणलं. कोन कसा फिरवायचा, डाग कसा दिसतो, ते शिकवलं. तिचे हात चपळ आहेत, चटकन जमलं. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. मॅडम मागून येऊन उभ्या होत्या, त्यांना झाला. संध्याकाळी तिने ताट बाजूला सरकवलं. सोनीने तिला आग्रह करून जेवू घातलं.

आज सुट्टी, म्हणून लिहायला बसलो. मी तिच्यापुढे दोन कागद ठेवले. पांढरा कोणाचा, रेघांचा कोणाचा, सगळं समजावलं. तुझी शपथही घातली. तिने पांढरा भरभर लिहिला. मग रेघांच्या कागदावर ‘आई’ एवढं लिहिलं, ते खोडलं, आणि कागद घडी घालून मला परत दिला. म्हणाली, हा नको, आईला पांढराच पुरेल. मी पुन्हा शपथ घातली. ती म्हणाली, आईला खरं कळलं तर ती झोपणार नाही. मी म्हटलं, तिला माहीतच आहे. तर म्हणाली, मग तर तिला खोट्याची जास्त गरज आहे.

मावशी, तिने परत दिलेल्या त्याच कागदावर मी हे लिहितेय. वर ती खोडलेली ‘आई’ दिसेल.

तिचा कागद सोबत आहे. वाचून दाखव, आवाज कापरा होऊ देऊ नकोस. तुझा हात आमच्या दोघींच्या डोक्यावर असू दे.

तुझी
कावेरी


आमली, सिल्वासा
११ मे २०२५

ती. बाबा व सौ. आईस,
वैशालीचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. तुम्ही सगळे खुशाल असाल. आमची लॅब खूप मोठी आणि स्वच्छ आहे. मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत, पहिल्याच दिवशी माझ्या कामाचं कौतुक केलं. मला पांढरा कोट मिळाला, थोडा सैल आहे. ताई रोज माझ्याबरोबर असते. जेवण वेळेवर होतं, सकाळी माझी मीच उठते.

बाबा, आप्पांना सांगा, ताईचा मोठा फोटो गेटवर लावलाय, येणारा जाणारा बघतो. बाबा, कॉलेजात केदार सर भेटले तर त्यांनाही सांगा. पुढच्या वर्षीच्या मुलींना म्हणावं, जरूर अर्ज करा, ओळख म्हणून माझं नाव सांगा.

आई, तू काळजी करू नकोस. इथे सगळं अगदी ताई लिहायची तसंच आहे.

तुम्हा दोघांचा लोभ आहे, तो वाढावा.

तुमची
वैशाली